तीन बोटं खाली

गाडी कोणाचीही असो आणि तक्रार कसलीही असो, मिस्त्री आधी तिच्या पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा सगळा भार टाकून ती खाली दाबायचे आणि एकदम हात काढून घ्यायचे. मग एक पाऊल मागे सरून तिच्याकडे बघत राहायचे. गाडी वर येऊन लगेच थांबली तर काही बोलायचे नाहीत. दोनदा-तीनदा झुलली, तर टाळूला जीभ लावून ‘च्च’ करायचे. मालक सांगत असायचा की भोंगा वाजत नाही. मिस्त्री म्हणायचे, “भोंगो र्‍हवांदे. तुमची गाडी गप बसत नाय. आधी ता बघूया.”

लालबागला एका चाळीच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती आणि त्याच चाळीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली. माणूस मालवणकडचा, अंगानं काटक, डाव्या अंगठ्याला नख नसलेला. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात काम केलेलं, तिथंच हात बसला. आडनाव त्यांना होतं, पण ते कोणी वापरलेलं मी ऐकलं नाही. त्यांची बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना ‘मिस्त्री जेवले’, ‘मिस्त्री रागावले’ असंच म्हणायची.

आम्ही ठाकूरद्वारचे. घराण्यात तीन पिढ्या कचेऱ्यांतून कारकुनी झालेली. बाबा एका सॉलिसिटरकडे हेडक्लार्क होते. त्यांनी ज्याचे कागदपत्र सांभाळले होते तो एक इंग्रज अशील मायदेशी परतताना आपली काळी गाडी त्यांना देऊन गेला. बाबांच्या डोळ्यांनी साथ सोडली होती, भाऊ मला नव्हता. म्हणून गाडी मी शिकले. बी.ए.ला होते तेव्हा. गिरगावात मुलगी गाडी चालवते म्हणून लोक गॅलरीत येऊन बघायचे. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. “बाय,” ते मला म्हणाले, “रस्तो डोळ्यांनी दिसता तो अर्धो. उरलेलो पाठीच्या कण्याक कळता. खड्डो बसलो की आधी गाडयेक काय झाला ता बघ, मग आपल्याक.” मला ते पहिल्या दिवसापासून बाय म्हणत, आणि मीही त्यांना साहेबी ऐट कधी दाखवली नाही. त्यांच्या शेडमध्ये ती टिकलीच नसती.

गाडी घरात आली आणि त्याच वर्षी आईचा संधिवात वाढला. गुडघे वाकेनात. घरात भिंतीला धरून ती चालायची, पण गाडीचा उंबरा तिला पार होईना. पाय तेवढा वर जायचाच नाही. आम्ही एक लाकडी स्टूल केलं. ते दारापाशी ठेवायचं, बाबांनी एका बाजूनं धरायचं, मी दुसऱ्या. एकदा वाडीच्या तोंडाशी ते स्टूल कलंडलं आणि आई भर रस्त्यात आडवी झाली. फार लागलं नाही. पण चार माणसं धावली, कोणीतरी लुगडं सारखं केलं, आणि त्या दिवसापासून आईनं बाहेर जाणं सोडलं. दादरला तिचे वडील होते, नव्वदीला टेकलेले, अंथरुणावर. ते विचारायचे, “शांता का येत नाही?” आम्ही काहीतरी सांगायचो.

मिस्त्री एकदा बॅटरी बदलायला घरी आले होते. जिन्याखाली ते स्टूल पडलेलं त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं. मी सांगितलं. ते हात धुऊन वर आले आणि आईसमोर उभे राहिले.

“वहिनी, एक काम करा. ह्या भिंतीला टेकून जरा पाय उचला. जमेल तेवढाच. जोर नको.”

आई माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं भिंतीला हात लावून पाय उचलला. मिस्त्रींनी तिच्या तळव्याच्या रेषेत भिंतीवर खडूनं खूण केली, खाली जाऊन गाडीच्या उंबऱ्याशी एक काठी लावली, ती काठी वर आणून त्या खुणेशेजारी धरली. फरक बोटांनी मोजला.

“तीन बोटां,” ते म्हणाले. “वहिनींचो पाय वर येणार नाय. मग गाडीच खाली आणूक होयी.”

आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली असेल.

गाडी खाली आणायची म्हणजे तिच्या स्प्रिंगा बदलायच्या. पुढच्या वळ्यांच्या स्प्रिंगा आखूड करून घ्यायच्या, मागचे कमानीसारखे वाकलेले पाटे थोडे सपाट करायचे. आखूड स्प्रिंग जरा कडकच लागते, नाहीतर गाडी बूड आपटते. हे करून देणारा स्प्रिंगवाला परळला होता. अडचण निराळीच होती, आणि ती मिस्त्रींनी मला शेडमध्ये उकिडवं बसून समजावली. “स्प्रिंग गाडयेक वर धरता. पण तिका उड्या मारूची खोड. तिका आवरता तो शॉकअप. ह्यो जुनो शॉकअप जुन्या स्प्रिंगेच्या मापाचो. नवी कडक स्प्रिंग ह्येका आवरूची नाय. जोडी जमूक होयी, बाय. नुसती स्प्रिंग बदलणां म्हणजे अर्धा काम.”

आणि अर्ध्या कामाचा त्यांना तिटकारा होता. पण त्या दिवसांत परदेशी सुटे भाग मिळणं मुश्कील झालं होतं. दोन महिने ते शॉकॲब्सॉर्बरच्या मागे होते. ऑपेरा हाउसची दुकानं झाली, चोरबाजार झाला, कुर्ल्याचे भंगारवाले झाले. मापाची जोडी कुठे मिळाली नाही. तेवढ्यात दादरहून निरोप आला की आजोबांनी जेवण सोडलंय. मी लालबागला गेले आणि रडले. मिस्त्री बराच वेळ हातातला पाना फडक्यानं पुसत राहिले.

“जुन्या शॉकअपवर बसवतंय,” ते म्हणाले. “पण तीन गोष्टी आयक. गाडयेत तीन माणसांच्या वर बसूचा नाय. गाडी हळू. आणि महिन्यान महिन्यान माका दाखवूची. मापाची जोडी मिळासर.”

जुन्या शॉकअपांत त्यांनी जरा जाड तेल भरलं, सगळ्या सांध्यांवरून हात फिरवला आणि गाडी ठाकूरद्वारला स्वतः घेऊन आले. आई जिना उतरून आली. मी हात पुढे केला तो तिनं बाजूला सारला. दाराची कड धरली, पाय उचलला, आत ठेवला, आणि बसली. एवढंच. बाबा चष्मा पुसायला लागले. आईनं काचेतून मिस्त्रींना विचारलं, “तुम्ही येताय दादरला?” ते म्हणाले, “नको वहिनी. तीनच माणसां.” आणि ट्राम पकडून लालबागला गेले. आजोबा त्यानंतर चार महिने जगले. त्या चार महिन्यांत आई त्यांच्याकडे हवी तेव्हा गेली. त्यांना चमच्यानं पेज भरवली. ते तिच्या मांडीवरच गेले.

गाडी मात्र डोलायची. खड्डा गेला तरी तिचं डोलणं संपायचं नाही. दर महिन्याला मी ती लालबागला न्यायची, मिस्त्री ती दाबून बघायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. मी म्हणायची, “मिस्त्री, आई खूश आहे हो.” ते म्हणायचे, “वहिनी खूश आसत. गाडी नाय.”

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस आले. गिरगावात, परळ-लालबागला सभा, मोर्चे, हरताळ. एके दिवशी सकाळी शहर निवल्यासारखं वाटत होतं आणि गाडी दाखवण्याचा दिवस होता. बाबा नको म्हणाले. मी म्हटलं, तासाभरात येते. लालबागला पोचले आणि अर्ध्या तासात सगळं पेटलं. लोकांनी रस्त्यावर दगड, पिंपं, हातगाड्या आडव्या टाकल्या. मिस्त्रींनी मला वर त्यांच्या खोलीत पाठवलं. त्यांच्या बायकोनं, काकींनी, दार लावून घेतलं आणि माझ्या हातात चहाची कपबशी दिली. ती हातात असतानाच गोळीबाराचा आवाज आला. फटाके वाजतात तसाच वाटला. मग ओरडा सुरू झाला.

मी गॅलरीत आले तेव्हा पाच-सहा जण एका मुलाला उचलून शेडकडे धावत येत होते. गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला होता तो. नाव सदा, समोरच्याच चाळीतला. सदरा पोटापाशी भिजलेला. लालबाग-परळ भागात तेव्हा कोणाकडे गाडी असणार? ती एकच उभी होती, मिस्त्रींच्या शेडमध्ये, आमची. मी खाली धावले. मिस्त्रींनी सदाला मागच्या सीटवर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी त्याच्या पोटावर फडकं दाबून धरलं होतं.

“बाय, तू चालव. माझे हात मोकळे नाय.”

मी बसले. बाकीचेही बसले. मिस्त्री ओरडत होते, “उतरा रे! तीन माणसां! गाडी बसतली खाली!” पण कोण ऐकतो? मित्राला सोडून उतरायला कोणी तयार नव्हतं. आत सहा माणसं, दोन्ही दारांच्या पायपट्टीवर दोन. गाडी जमिनीला टेकल्यासारखी झाली.

परळचं इस्पितळ तिथून फार लांब नाही. मी निघाले. रस्त्यात दगड विखुरलेले. गाडी एका दगडावरून गेली की खालीवर, खालीवर करत राहायची, स्टिअरिंग हातात राहायचं नाही. मागून मिस्त्री म्हणाले, “हळू.” पुन्हा म्हणाले, “हळू, बाय. हळू चल.” मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण आरशात मला त्या मुलाचा चेहरा दिसत होता, त्याचा रंग उतरत चालला होता, आणि माझा पाय आपोआप दाबला गेला. एका दगडावरून गाडी उसळली, खाली आली ती पुढच्या दगडावर. खाली काहीतरी कडाडलं. इंजिनाखालचं तेलाचं भांडं फुटलं, शॉकअपचा दांडा तुटून चाकात अडकला आणि गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली.

तिथून पुढे त्याला उचलूनच न्यावं लागलं. रस्त्यात पुन्हा पळापळ झाली, आम्हाला एका दारात थांबून राहावं लागलं. इस्पितळात पोचलो तेव्हा सदा गेला होता. मिस्त्रींनी डॉक्टरांना विचारलं, “अर्धो तास आधी आणलो आसतो तर?” डॉक्टर दमलेले होते. म्हणाले, “कदाचित. कोण सांगणार?”

त्या ‘कदाचित’नं पुढे मिस्त्रींना खाल्लं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सदाच्या वडलांना जाऊन सांगितलं. सगळे त्यांना आबा म्हणत. घाटावरचे, बायको नसलेले, एकुलता मुलगा. मिस्त्री त्यांना म्हणाले, “चूक माझी. नव्या स्प्रिंगेवर जुनो शॉकअप मी बसवलंय. गाडी खाली मी आणलंय. म्हणान ती आपटली.” हेच त्यांनी चाळीत सांगितलं, हेच चहाच्या दुकानात, हेच भेटेल त्याला. मी चालवत होते हे लोकांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कोणी मला कधी एक शब्द बोललं नाही. मिस्त्रींनी बोलूच दिलं नाही. कोणी माझं नाव काढलं की ते म्हणायचे, “त्या पोरीन काय केल्यान? तुटकी गाडी तिच्या हातात मी दिली.” ‘हळू’ म्हटल्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. आणि मीही सांगितलं नाही. आज लिहिते आहे ते पहिल्यांदाच, असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. एकदा एकाला सांगितलं, ते पुढे येईलच.

मोडलेली गाडी त्यांनी दुरुस्त केली आणि ठाकूरद्वारला आईकडे आले. आत बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, “वहिनी, जुन्या स्प्रिंगा घालतंय परत. गाडी होती तशी वर करतंय.”

आई म्हणाली, “मिस्त्री, तो मुलगा रोज माझ्या डोळ्यांसमोर येतो. तुम्ही म्हणाल तसं करा. पण गाडी वर केलीत तर मी ह्या खोलीतून आता बाहेर पडायची नाही, हे कळून करा.”

मिस्त्रींनी मान खाली घातली. त्यांनी गाडी वर केली नाही. पुढे दोन-अडीच महिने ते रोज कुठे कुठे हिंडले आणि माझगावच्या एका भंगारातून, आदळून निकामी झालेल्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर मिळवले, कडक स्प्रिंगेच्या मापाचे. ते बसवले. काम झाल्यावर त्यांनी मला गाडी चालवून बघायला सांगितलं. मी लालबागपासून भायखळ्यापर्यंत जाऊन आले. रस्ता तोच होता, पण गाडी खड्ड्यावरून जाऊन जागच्या जागी गप व्हायची. इतकं नीट काम मी त्यांचंही कधी पाहिलं नव्हतं. परत आले तेव्हा ते शेडच्या दारात बसले होते.

“बरी चालता?”

“फार छान चालते.”

“हां,” ते म्हणाले. “ता आधी करूक होया होता.”

त्यानंतर त्यांनी स्प्रिंगेच्या कामाला हात लावला नाही. मग हळूहळू कसल्याच कामाला. लोक आधी त्यांची समजूत काढायचे, मग कंटाळले. तीच हकिगत किती वेळा ऐकायची? काही जण असंही म्हणायला लागले की हा स्वतःच सांगतो म्हणजे चूक असणारच. गाड्या दुसरीकडे जायला लागल्या. राज्य झालं, लालबागभर दिवे लागले, ढोल वाजले. त्या आठवड्यात मी पेढे घेऊन गेले तर काकी म्हणाल्या, “ते गावाक चलले. कायमचे. मी पण.”

त्यांना पोचवायला मी भाऊच्या धक्क्यावर गेले. बोटीला वेळ होता. काकी गाठोड्यांवर बसल्या होत्या. मिस्त्री कठड्याशी उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि चार वर्षं मनात ठेवलेलं बोलले.

“मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही मला हळू म्हणाला होतात. दोनदा. मी ऐकलं होतं.”

ते समुद्राकडेच बघत होते.

“मी काय बोललंय, ता माका आठवना नाय.”

“मला आठवतंय.”

“मगे तू इसर,” ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेलाचा वास नव्हता. मग भोंगा झाला आणि गाठोडी उचलायची घाई सुरू झाली.

विसरणं मला जमलं नाही. पुढच्या रविवारी मी सदाच्या घरी गेले. आबा एकटेच खोलीत होते, कंदील पुसत बसले होते. मी कोण ते त्यांनी ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मिस्त्री हळू म्हणाले, मी ऐकलं नाही, गाडी जोरात नेली, म्हणून ती मोडली. एकट्या स्प्रिंगेमुळे नाही.

आबांनी काच खाली ठेवली. “बस की पोरी.”

मी बसले.

“वय काय होतं तुझं तवा?”

“एकवीस.”

“माझ्या सदाला बाविसावं होतं.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “मिस्त्री दर आठवड्याला यायचा माझ्याकडं. बसायचा आन् गाडीचंच सांगायचा. स्प्रिंग, आन् ते काय दुसरं. मला काय कळतंय त्यातलं? मला पोराचं विचारायचं होतं. पर त्याला इतकं वाईट वाटायचं, की म्या आपलं त्याचंच ऐकून घ्यायचो. तोंडच उघडलं न्हाई कधी.”

आबांनी कंदिलाची काच पुन्हा हातात घेतली.

“तू होतीस की गाडीत,” आबा म्हणाले. “वाटंत काय बोलला का त्यो?”

बोलला होता. गाडी सुरू झाल्या झाल्या. ते इतकं साधं होतं की मी कोणाला सांगितलं नव्हतं. “म्हणाला, माझी एक चप्पल राहिली मागं.”

आबांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले.

“नवी व्हती,” ते म्हणाले. “दोनच दिस झालं व्हतं.”

हे सगळं मी मिस्त्रींना पत्रानं कळवलं. आबांचे शब्द होते तसे लिहिले. उत्तर आलं नाही. वर्षभरानं काकी कोणाच्या तरी लग्नाला मुंबईत आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. शिमग्याआधी गेले म्हणाल्या, तापाचं निमित्त झालं. मी पत्राचं विचारलं. मिळालं होतं. मिस्त्रींना वाचता यायचं, तरी शाळेतल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं होतं त्यांनी. मग दिवेलागणीपर्यंत पडवीत जाऊन बसले.

“आणि मग?”

“मगे जेवताना येवढाच म्हणाले,” काकी म्हणाल्या. “म्हातारो माझा ऐकान घेय होतो, आणि माका कळूक नाय.”